कासारणीने परत घेतलेला चुडा

ही वही मुळात माझी नाही. पोटुशी बायांच्या तब्येतीचा अभ्यास करणाऱ्या ताई पेण आणि रोह्याच्या गावागावांत फिरतात, त्यांनी ती मला दिली होती. त्यांची पानं त्या काढून घेऊन गेल्या, मागची कोरी पानं माझ्याकडे राहिली. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून जे कुणाला नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहून ठेवते.

हे घडलं तेव्हा लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यात दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. मग पनवेलला उपचार सुरू केले. गोळ्या, सोनोग्राफी, इंजेक्शनं, पुन्हा गोळ्या. दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. देवापुढे हात जोडायचे, पण काही मागवत नसे. आधी दोनदा मागून झालं होतं. देव ऐकतो का, आणि ऐकत असेल तर माझंच का ऐकत नाही, हा प्रश्न मनात यायचा आणि आला म्हणून पुन्हा स्वतःलाच दोष द्यायची.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. डोळे आखायचं काम मोठे कारागीर करतात. आम्ही बाया पितांबर, शेला आणि त्याची सोनेरी किनार रंगवतो. माझं पोट दिसायला लागलं तशा शेजारी बसणाऱ्या बाया चिडवायच्या, "बाप्पाच्या पोटाशी बरोबरी चाललीय गो हिची. बघू कोण जिंकतो." मी खाली मान घालून हसायची. सातवा महिना सुखरूप लागला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या वेळी होईल.

सातव्यात डोहाळजेवण झालं. सासूबाईंनी, त्यांना मी आई म्हणते, बाजारातल्या कासारणीला घरी बोलावलं. ती साठीची बाई, आवाज खणखणीत. दोन-चार मापाच्या बांगड्या मला बसतील असं ती म्हणत होती, पण आई म्हणाल्या, "एक माप मोठ्या, दोन-सहाच्या भर. खुळखुळू देत." मी घाबरून हात ताठ धरला होता. कासारीण म्हणाली, "हात ढिला सोड गो बाय. ताठ धरलास तर बांगडी फुटेल नि हात पण कापेल. तू सोड, मी सरकवते." दोन्ही हातभर हिरवा चुडा भरून झाल्यावर रीतीप्रमाणे मी तिला वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मी मनात नवस बोलले, बाळ हातात येईपर्यंत हा चुडा उतरवणार नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मूर्तीपुढे तोच नवस पुन्हा बोलले.

आता वहीबद्दल सांगते. तिच्यात रोजची एक ओळ होती. वर डोक्याचं, डोळ्याचं, हाताचं, पायाचं चित्र आणि खाली 'हो' आणि 'नाही' असे दोन गोल. डोकं दुखलं का, डोळ्यांपुढे चमकलं का, हात-तोंड सुजलं का, रोज दिवेलागणीला खूण करायची. ताई दर पंधरा दिवसांनी येऊन रक्तदाब मोजायच्या आणि म्हणायच्या, "जे असेल तेच लिहा हं. आणि 'हो' आलं तर थांबू नका, लगेच फोन करा." पण आईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "वाईट लिहायचं नाय गो. लिहिलेलं देव वाचतो नि तसंच करतो." मलाही ते पटलं. आमच्याकडे घराच्या भिंतीवर, वहीवर कुणी अशुभ अक्षर काढत नाही. दोनदा भाजलेली मी, कशाला 'हो' लिहू? मी रोज 'नाही'वर खूण करत गेले.

आठवा महिना लागला तेव्हा वैशाख होता. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची घाई चालली होती. एका दुपारी किनार रंगवताना मूर्तीच्या मुकुटाभोवती बारीक बारीक ठिणग्यांसारखा उजेड चमकला. मी ब्रश खाली ठेवून पाहतच राहिले. क्षणभराने तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. नऊ वर्षं गप्प बसलेला देव आता मला काही दाखवतो आहे, असं वाटलं. डोकं जड व्हायचं, ते मी उन्हावर घातलं. हाताच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, ते मला कळलंच नाही. असे अनुभव कुणाला सांगू नयेत, सांगितले की जातात, असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. संध्याकाळी वहीत डोळ्याचं चित्र समोर यायचं. देवाचा उजेड मी दुखण्याच्या रकान्यात कसा लिहू? 'नाही'वर खूण करायची. असं बारा दिवस केलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मला रोह्याला जायचं होतं. तिकडच्या ताई चार दिवसांनी तपासायला येणार होत्या. यांची कंपनीत पहिली शिफ्ट होती, म्हणून मला पोचवायला आई निघाल्या. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही पेण स्टेशनवर बसलो होतो. डोकं घणाघण ठोकत होतं. पलीकडच्या बाकावर बांगड्यांची पेटी घेऊन तीच कासारीण बसली होती. रोह्याच्या बाजाराला निघाली होती. तिने आम्हाला ओळखलं नाही. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली तेव्हा तिची नजर माझ्या हातावर गेली, आणि ती पेटी तिथेच सोडून उठून आली.

"हा चुडा मी भरलेला," ती म्हणाली. "तोंडं नाय राहत माझ्या ध्यानात, हात राहतो. दोन-सहाची बांगडी कोपरापर्यंत जायची तुझ्या. आता हालत पण नाय."

आई हसून म्हणाल्या, "अंग भरलंय गो तिचं. आठवा हाय."

कासारणीने माझ्या मनगटावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. तिने तो आईंना दाखवला. "हे अंग भरणं नाय. चाळीस वर्षं हात धरतेय मी बायांचे. माझ्या वहिनीचा हात असाच झालेला. आम्ही पण हसलो होतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "डोकं दुखतंय ना?" मी मान हलवली.

तेवढ्यात गाडी आली. आई पिशव्या उचलून उभ्या राहिल्या. "रोह्याला जाऊन दाखवू. भाऊ येतोय तिचा स्टेशनवर."

"रोहा तासावर हाय. दवाखाना इथं हाय," कासारीण म्हणाली. "तुझी सून, तुझा निर्णय. पण मी या गाडीत नाय चढत."

आई तिच्याकडे आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. गाडीची शिटी झाली. आईंनी पिशव्या पुन्हा खाली ठेवल्या. गाडी गेली, आणि रिक्षात माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मांडीवर पेटी घेतलेली कासारीण बसली. तिचा बाजाराचा दिवस बुडाला, ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्यात सिस्टरने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि धावत डॉक्टरबाईंना घेऊन आली. सगळे एकदम भराभर बोलायला लागले. सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. सिस्टर म्हणाली, "या काढाव्या लागतील." मी हात पोटाशी ओढून घेतला. आयुष्यात मी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, त्या वेळी म्हटलं. "नवस आहे. बाळ येईपर्यंत नाही." सिस्टर ओरडली, आई रडायला लागल्या, यांना फोन लावा म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा तोच उजेड नाचत होता, आणि मला वाटत होतं, देव पाहतो आहे, आता नवस मोडला तर हे बाळही जाईल.

कासारीण पुढे आली आणि माझ्याशेजारी टेकली. "नवस कोणापुढे बोललीस?"

"बाप्पापुढे."

"चुडा भरला कोणी?"

"तुम्ही."

"मग माझी वस्तू मी परत घेते. तू नाय उतरवलास. बाप्पाने विचारलं तर माझं नाव सांग, दोष माझ्या पदरात. हात ढिला सोड गो बाय."

तिने ओला रुमाल मनगटावर गुंडाळला आणि एकेक बांगडी दाबून मोडायला लागली. काचेचा बारीक आवाज येत होता. मी डोळे मिटले आणि हात सोडला. फक्त हातच नाही, आतून काहीतरी सुटलं. नऊ वर्षं मी जे मुठीत आवळून धरलं होतं, ते तिच्या हातात गेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "डोळ्यांपुढे चमकतं का?" मी म्हणाले, "हो. बारा दिवस."

त्यांनी लगेच इंजेक्शन मागवलं. ते भरत असतानाच मला आकडीचा झटका आला, असं नंतर कळलं. मला काही आठवत नाही. तिथून अँब्युलन्सने मोठ्या दवाखान्यात नेलं आणि पोट चिरून बाळ काढलं. हा झटका धावत्या गाडीत, दोन स्टेशनांच्या मध्ये आला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी यांना सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही, यांच्या तोंडावरून मला समजलं.

मुलगी झाली. दीड किलोचीही नव्हती. तेवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. बाहेरून मी हात लावायची तेव्हा माझी दोन्ही मनगटं मोकळी असायची. पहिले काही दिवस मी ती पदराखाली झाकून घ्यायची. मग एक दिवस परिचारिका म्हणाली, "आत हात घाला, बाळाला धरा. बांगड्या नाहीत ते बरं, आत काचा चालत नाहीत." मी हात घातला. तिने माझं बोट धरलं.

घरी आल्यावर अभ्यासाच्या ताई आल्या. मी वही पुढे केली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. खोटं लिहिलेलं खोडून देते म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खोडू नका. बाजूला खरं लिहा. तुम्ही 'नाही' का लिहिलंत, तेही लिहा. पुढच्या बाईला कसं विचारायचं ते आम्हाला त्यातून कळेल." मी बारा ओळींच्या बाजूला 'हो' लिहिलं. कारण लिहायला एक पूर्ण पान लागलं. इतकं मी कधीच लिहिलं नव्हतं. आई शेजारी बसून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझं नाव पण घाल. मीच नको म्हटलेलं." मी घातलं नाही.

तो उजेड रक्तदाबाचा होता, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. असेल. मी वाद घातला नाही. पण देव आला नाही, असंही मला म्हणवत नाही. मी त्याला मुकुटाभोवती शोधत होते, आणि तो बाकावर बांगड्यांची पेटी घेऊन गाडीची वाट पाहत बसला होता, इतकंच मला वाटतं.

लेक चार महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन बाजारात गेले. कासारणीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओळख पटली नाही. मी हात पुढे केला. तिने तो धरला, उलटा केला, अंगठ्याने मनगट दाबून पाहिलं आणि मग हसली. "सूज उतरली की गो." माझ्या हातात तिने नवा हिरवा चुडा भरला, दोन-चारचा. पैसे घेतले, पण लेकीच्या मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधल्या त्याचे घेतले नाहीत. मी वाकून नमस्कार केला. लेकीने मूठ घट्ट आवळली होती. कासारीण तिला म्हणाली, "ढिला सोड गो बाय. आईसारखी नको करूस."

लेकीने मूठ उघडली नाही. कासारीण तशीच तिचा हात धरून बसून राहिली, काही घाई नसल्यासारखी. थोड्या वेळाने मूठ आपोआप सैल झाली.