चाटलेले स्टॅम्प

आई आज सकाळी गेली. मी तिला लहानपणी एकदा चक्क फसवलं होतं, ते आज ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगते.

मी नऊ वर्षांची होते. मँचेस्टरला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, बाबा तिथे डॉक्टर.

तेव्हा पेट्रोल भरलं, ग्रोसरी घेतली की वर स्टॅम्प मिळायचे, पोस्टाच्या तिकिटांसारखे. ते पुस्तिकेत चिकटवायचे. पुस्तिका भरल्या की पोस्टाने पाठवायच्या, आणि कॅटलॉगमधली वस्तू पार्सलने घरी.
फुकट! आईला त्याचं कोण अप्रूप.

आईने चांदीचा मुलामा दिलेला एक ट्रे हेरून ठेवला होता. गणपतीच्या नैवेद्यासाठी.
आसपासची सगळी मराठी मंडळी आरतीला आमच्याकडे यायची, आणि नैवेद्य आमच्या रोजच्या डिनर प्लेटमध्ये. तिला ते फार लागायचं.

मला हवे होते रोलर स्केट्स. शेजारच्या जॅकीकडे होते, आणि त्याच कॅटलॉगमध्येही.
आई म्हणाली, "पडशील." विषय बंद.

स्टॅम्प लावायची आईची पद्धत ठरलेली. वाटीत पाणी, पाण्यात स्पंज. जीभ लावायची नाही.
"देवाचं काम आहे. उष्टं चालायचं नाही."

एका शनिवारी आई शॉपिंगला गेली, आणि मी उरलेले सगळे स्टॅम्प चाटून चिकटवले.
मुद्दाम. चांगल्या दोन पुस्तिका.
तोंडभर नुसता गोंद.

ती आल्यावर मीच सांगितलं. वर रडून दाखवलं. "विसरले गं, चुकून चाटले."

काय बोलणी खाल्ली!
"अगं भवाने, आता हे देवापुढे कसं ठेवू मी?"
बाबा म्हणाले, "अगं, ट्रे कुठे चाटलाय तिने?"
"तुम्ही मध्ये पडू नका हो."

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. स्केट्स. अगदी माझ्या मापाचे.

त्या वर्षीही नैवेद्य डिनर प्लेटमध्येच. आरती होईपर्यंत मी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कार पार्कमध्ये मनसोक्त हुंदडले.
पुढे ती स्टॅम्पची स्कीमच बंद पडली. ट्रे काही आला नाही.

गेल्या महिन्यात आई हॉस्पिटलमध्ये होती. म्हटलं, आता नाही तर कधी.
"आई, ते स्टॅम्प मी मुद्दाम चाटले होते."
"माहीत आहे."
"काय?"
"चुकून माणूस एक चाटेल, दोन चाटेल. दोन पुस्तिका?"
"मग एवढी ओरडलीस कशाला?"
"ओरडायला नको?"
"आणि स्केट्स?"
"एवढ्याशा पोरीने एवढं डोकं चालवलं. म्हटलं, फारच हवे असतील. गणपती काय, कशातही जेवतो."
मग म्हणाली, "झोपू दे आता."

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

अंत्यसंस्कारासाठी क्रेमेटोरियमचा स्लॉट मिळाला की इथेच कळवते. फोन नकोत, प्लीज.

आई, नमस्कार करते. नीट जा.