धुरासाठी ओला पाला

मी आयुष्यभर मोठ्या लोकांच्या बागा आखल्या. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी सांगतो, जव्हारला, दरबारच्या बागेत खुंट्या ठोकताना. ऐकणारा कौतुकाने मान हलवतो आणि मी विषय बदलतो, कारण त्यापुढचं सांगायला लागलो की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

तेव्हा संस्थान होतं. गावाबाहेर कड्यावर दरबारने पाहुण्यांसाठी बंगला बांधला आणि त्याच्याभोवती बाग करायला मुंबईहून एक साहेब बोलावले. साहेब आपल्यातलेच, मराठी बोलणारे, पण विलायतेत जाऊन बाग आखायचं शिकून आलेले. त्यांना दोरी धरायला आणि मापं लिहून घ्यायला अक्षरओळख असलेला माणूस हवा होता. आमच्या पाड्यावर शाळेत टिकलेला मी एकटाच. बाप आधीच तापाने गेला होता. घरात मी आणि आई, आणि माझ्या लग्नाचं बोलणं चाललेलं.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. बाग म्हणजे फुलझाडं, अशी माझी समजूत होती. साहेब म्हणाले, "फुलं माळी लावतो. आपण माणसाचा डोळा कुठे थांबवायचा ते ठरवतो." वाट अशी वळवायची की पुढचं दिसू नये, आणि वळण संपलं की एकदम दरी समोर यावी. हे त्यांनी मला चुन्याच्या रेघा मारून दाखवलं तेव्हा मी रात्री पाड्यावर जाऊन अंगणात तशीच वाट आखली. आईने सकाळी ती शेणाने सारवून टाकली.

बागेच्या टोकाला कठड्याशी उभं राहिलं की घळीपलीकडचा उतार दिसायचा. तो आमचा उतार. त्याच्यावर ऐनाची झाडं होती आणि प्रत्येक झाड वरपासून खालपर्यंत सोललेलं, शेंड्याला तेवढा एक झुबका. साहेबांनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं झाडांना रोग लागलाय.

"कसली कीड आहे ही?" त्यांनी विचारलं.

"कीड नाही साहेब, आम्ही तोडतो. राबासाठी."

मग मी त्यांना राब समजावून सांगितला. थंडीत झाडांचा टहाळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडायचा, वाळवायचा, उन्हाळ्यात जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पाला आणि माती यांच्यासोबत पसरून भाजायचा. त्या भाजलेल्या जागेत नाचणी पेरली तरच रोप धरतं. नाहीतर आमच्या डोंगरात तणच माजतं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, आपल्या थर्मासमधला चहाही दिला. मग म्हणाले, "पाहुणे खुर्चीत बसून हेच बघणार. तीन-चार वर्षं हात लावला नाही तर किती सुंदर रान होईल. लोकांनी टहाळ दुसरीकडून आणावा." तेवढ्यात उतारावरच्या एका घरातून धूर वर चढला. साहेब खूश झाले. "तो धूर मात्र हवा. देखाव्याला जिवंतपणा येतो."

तो आमच्या चुलीचा धूर होता. मी तसं सांगितलं आणि त्या दिवशी मला त्याचा अभिमानही वाटला.

दरबारने उतारावरची तोड बंद केल्याची दवंडी पाड्यावर आली तेव्हा आई कोयत्याला धार लावत होती. तिने दवंडीवाल्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग मला विचारलं, "तुजा सायेब नाचणी नाय खात का?"

"गहू खातो."

"गव्हाला राब नाय लागं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, निदान खालच्या बाजूची झाडं आम्हाला तोडायला सोडा, ती कठड्यावरून दिसत नाहीत. साहेब माझ्याबरोबर कठड्यापर्यंत आले. वाकून बघितलं. "उभ्या माणसाला दिसतात," ते म्हणाले. ते खरंच होतं. डोळा कुठवर जातो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

दुसरीकडून आणावा म्हणजे कुठून? पलीकडचं रान दुसऱ्या पाड्याचं, त्यांचंच त्यांना पुरत नव्हतं. आईने वाळलेलं गवत, झाडून आणलेला पाला, कुडाच्या जुन्या काठ्या, जे हाती लागलं ते भाजलं. जमीन वरवर काळी झाली, आत तशीच राहिली. पावसात नाचणीपेक्षा तण उंच झालं. आई रोज ते उपटायची आणि नाचणी पिवळी पडत जायची. लावणीला रोप अर्ध्या शेतालाही पुरलं नाही. माझ्या पगारावर दोघं जगलो असतो, असं कुणाला वाटेल. माझा पगार बंगल्याचं काम उरकेपर्यंत तुंबला होता, आणि विचारायला गेलं की कारकून हसायचा. आम्ही कडू कंद खणले, कापून वाहत्या पाण्यात ठेवले आणि खाल्ले.

थंडीत पाड्यावरची माणसं कल्याणकडे गवत कापायला निघाली. आई कधी गेली नव्हती. त्या वर्षी गेली. जाताना म्हणाली, "चूल इझवू नको. मी येतंय होळीला."

होळीला माणसं आली. बरोबरच्या बाईने आईचा कोयता माझ्या हातात दिला. गवताच्या गंजीशेजारी तापाने गेली, म्हणाली. मला खूप राग आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. घर बंद करून मी बंगल्याच्या आवारात राहायला गेलो.

चैत्रात थंड हवेला पाहुणे आले. समोरच्या ऐनाला नवी पालवी फुटली होती, उतार भरलेला दिसत होता. साहेबांनी पाहुण्यांना वळणावळणाने कठड्यापर्यंत आणलं आणि ती मंडळी खरंच थबकली. सगळं जमलं होतं. पण साहेब अस्वस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो धूर कुठे गेला?"

"घरात कुणी नाही साहेब."

"अरेरे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, माझ्या खांद्यावर हातही ठेवला. मग जरा थांबून म्हणाले, "पाहुणे आहेत तोवर संध्याकाळी जाऊन पेटवत जाशील का? तुला मी कायम करून घेतो."

मी गेलो. चुलीत राख जमून घट्ट झाली होती. सुक्या लाकडाचा धूर लांबून दिसत नाही, त्याला वर ओला पाला टाकावा लागतो. तसं साहेबांना कळवलं. त्यांनी लगेच उतारावरचा टहाळ तोडायची परवानगी दिली, आणि आईच्या कोयत्याने मी तो तोडला.