जागेले दाखवल्याशिवाय सही नाही

आमच्या अच्युतरावांची एक रीत आहे, आणि त्या रीतीपायी माझं अर्धं आयुष्य रिक्षात चित्र सांभाळत बसण्यात गेलं. चित्र पूर्ण झालं की हे त्याच्यावर लगेच सही करत नाहीत. ज्या जागेचं चित्र आहे तिथं ते घेऊन जायचं, जागेसमोर उभं करायचं, दहा पावलं मागे सरकायचं. मंग एकदा चित्राकडे, एकदा जागेकडे पाहत राहायचं. जमलं असं वाटलं तर खिशातून बारीक ब्रश काढून तिथंच कोपऱ्यात "अ. बारलिंगे" लिहायचं. नाही जमलं तर चित्र परत घरी.

याले ते म्हणतात, जागेले दाखवणं. मी म्हणते, पोट्टी दाखवायचा कार्यक्रम. खारून नदीच्या काठावर झाला, गावोगावच्या तळ्यांवर झाला, एकदा तर भर उन्हात एका पळसाच्या झाडासमोर झाला. येणारेजाणारे विचारतात, "दीदी, बेचना है क्या?" मी म्हणते, "नहीं भैया, दिखाना है." "किसको?" आता काय सांगू बाप्पा! झाडाले, असं सांगितलं तर लोक मलेच दाखवायले नेतील.

तर हे अच्युत बारलिंगे. सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन होते, तीस वर्षं कालव्यांच्या सरळ रेघा ओढल्या, आणि रविवारी वाकड्या. रिटायर झाल्यापासून सगळेच रविवार. तात्यापाऱ्यात, या हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी वस्तीत, आमचं अरुंद घर आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, रस्त्याकडची बैठक माझी आणि मागची उत्तरेच्या खिडकीची त्यांची. चित्रकाराले म्हणे उत्तरेचा उजेड लागतो, तो दिवसभर सारखा राहतो. लग्न होऊन आली तेव्हा मले वाटलं होतं, नवऱ्याले उजेडाची एवढी पारख आहे तर बायकोचा चेहराही नीट पाहत असेल. पाहतात, पण डोळे बारीक करून.

बाहेर जाताना हे रंग नेतच नाहीत. फक्त पेन्सिल आणि लग्नपत्रिका. पत्रिकेचा कागद जाड असतो, मागची बाजू कोरी असते, म्हणून आमच्या घरी आलेली एकही पत्रिका रद्दीत गेली नाही. त्याच्यावर तळं काढतात आणि बाजूले रंग शब्दांत लिहितात. "पाणी: शिळं ताक. बांध: पापडाची जळकी कड. आभाळ: देवयानीची राखाडी शाल, दोनदा धुतलेली." मी विचारलं, रंगच काहून नाही लावत तिथं? तर म्हणाले, "रंग लावला की डोळा आळशी होतो. लक्षात ठेवायचं काम करत नाही." मंग घरी येऊन त्या शब्दांवरून रंग कालवत बसतात. एका शिळ्या ताकापायी दोन दिवस! आणि घरभर टर्पेंटाइनचा वास. अडतीस वर्षं मी ओरडत आली की वरणाले वास येऊन राहिला, वरणाले वास येऊन राहिला. ते म्हणत, हिंग जास्त घाल.

आता शालिग्रामबद्दल सांगते. शालिग्राम साहू आमचा मागच्या गल्लीचा शेजारी, भांड्यांचं दुकान आहे त्याचं. त्याचं घर पहिले ठेंगणं होतं, यांच्या खिडकीतून आभाळच आभाळ. गेल्या वर्षी त्यानं वर मजला चढवला. बांधकामाच्या आधी पेढे घेऊन आला आणि यांचे पाय धरून म्हणाला, "दादा, आपका थोड़ा आसमान खा रहा हूँ, माफ करना." अच्युतरावांनी पेढा खाल्ला, म्हणाले, तुझी जागा, तू बांध. खिडकीसमोर सिमेंटची भिंत आली. उजेड थोडा कमी झाला, यांनी इझल खिडकीजवळ सरकवलं, विषय संपला. मंग दिवाळीच्या आधी त्या भिंतीले रंग लागला. गुलाबी. लग्नाच्या पंगतीत बर्फी असते ना, तसा गुलाबी.

त्याच आठवड्यात यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हे लक्षात ठेवा.

डोळा बरा झाल्यावर पहिलं चित्र झालं ते धमतरी रोडवरच्या एका तळ्याचं. जानेवारीत दाखवायले नेलं. मी नेहमीसारखी बांधावर बसून संत्रं सोलून राहिली होती. अच्युतराव दहा पावलं मागे गेले, आणि मागेच राहिले. मी उठून पाहिलं. घरी किती छान दिसत होतं ते चित्र! आणि इथं? सगळं हिरवट. पाणी हिरवट, आभाळ हिरवट, बांधावरची माती आजारी माणसाच्या तोंडासारखी. मी म्हटलं, "ऊन वेगळं असेल आज." ब्रश खिशातच राहिला.

दुसरं चित्र खारूनचं. तेच झालं. तिसरं मार्चमध्ये, त्या पळसाच्या झाडाचं. घरी पेटलेली दिसणारी फुलं झाडासमोर नेली तर पार विझलेली. अच्युतरावांनी चित्राचं तोंड आपल्या पोटाकडे केलं आणि रिक्षात बसले. गुढियारीच्या पुलापाशी गर्दीत अडकलो होतो, तेव्हा एकदम म्हणाले, "देवयानी, डोळे गेले माझे."

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. त्यानं तक्ता वाचायले लावला, यांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. डॉक्टर म्हणाला, "अंकल, आँख एकदम फर्स्ट क्लास." बाहेर आल्यावर हे म्हणाले, "अक्षरं वाचणं वेगळं आणि रंग दिसणं वेगळं. त्याले काय सांगू?" घरी येऊन सगळे ब्रश साबणानं धुतले, पेपरात गुंडाळले, वरून सुतळी बांधली. गाठीवर गाठ मारली. मी दारात उभी राहून पाहिलं.

मंग सुरू झाला माझा छळ. एकच पेपर तीनदा वाचायचे. स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचे. "मिरच्या तिरप्या काहून चिरतेस? डाळ किती वेळ धुशील?" अहो, अडतीस वर्षं तुम्हाले ठाऊक नव्हतं घरात डाळ धुतात म्हणून! शंकर नगरहून आमच्या शर्मिष्ठाचा फोन आला. ही आमची पोट्टी, मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीत देते. म्हणे, "आई, पापा को कुछ दिन इधर भेज दो, मन बहल जाएगा." मी म्हटलं, पापा काय सोफा आहे का, इकडून उचलून तिकडे ठेवायले? फोन ठेवला आणि वरण वाढायले घेतलं. वरणाले नुसता वरणाचा वास होता. मले रडू आलं, सरळ सांगते. ताटावर बसलेल्या माणसाले दिसू नये म्हणून मी कुकरची शिटी शोधत बसली.

अशात शर्मिष्ठाच्या पांढऱ्या साडीले फॉल लावायचा होता. मागची खोली रिकामीच पडली होती, खिडकीशी बसून दोन दुपारी मन लावून टाके घातले. पांढरी साडी, पांढरा फॉल, पांढरा दोरा. तिसऱ्या दिवशी साडी झटकायले गच्चीवर नेली, आणि पाहते तर काय, सगळ्या काठाले फिक्कट गुलाबी टाके! घ्या, म्हटलं, माझेही गेले. खाली खोलीत आली, दोरा पांढरा. वर गेली, गुलाबी. माझे गुडघे कसे आहेत ते मलेच माहीत, पण तीनदा जिना चढली-उतरली. डब्यात पाहिलं तर पांढरं रीळ तसंच, न उघडलेलं. शेजारच्या गुलाबी रिळानं मी सगळा फॉल लावून बसली होती.

आपण बायका पंडरीच्या बाजारात साडी घेतो तर दुकानदाराच्या लाइटवर कधी भरवसा ठेवतो का? उंबऱ्यापाशी नेतो, बाहेरच्या उजेडात उलटीपालटी करून पाहतो, मंगच पिशवीत. आणि मी इथं, स्वतःच्या घरात फसली! मी खिडकीकडे पाहिलं. समोर शालिग्रामच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडलं होतं, आणि सगळी खोली त्या उजेडात न्हाऊन निघाली होती. कोरा कॅनव्हास गुलाबी, माझे हात गुलाबी.

"अहो! स्टूल सोडा आणि वर या!"

त्यांच्या हातात साडी दिली, खोलीत उभं केलं, मंग गच्चीवर नेलं. मंग पुन्हा खोलीत. अच्युतराव त्या दोऱ्याकडे पाहत राहिले, मंग भिंतीकडे. म्हणाले, "म्हणजे मले इथं सगळंच गुलाबी दिसत होतं, म्हणून मी हिरवं वाढवत गेलो?"

"म्हणजे तुम्ही शहाणे, भिंत येडी," मी म्हटलं.

ते खाली बसले आणि हसायले लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. पण सुतळी काही सोडली नाही. म्हणाले, "असंही असू शकते की भिंतही गुलाबी आणि डोळेही गेलेले." असा माणूस!

मी पदर खोचला आणि तडक शालिग्रामकडे गेली. सरळ सांगणार होती, ती बाजू पांढरी करून दे. माझ्याशी घासाघीस करायची आजवर कोणाची हिंमत झाली नाही. तर तो दारातच म्हणाला, "आओ भाभीजी! दादा को दीवार पसंद आई ना?"

मी म्हटलं, "क्या?"

"वो बगल की दीवार कोई नहीं पोतता. घर में सब बोले, गली तरफ कौन देखता है, सिमेंट रहने दो. मैं बोला, काबर, क्यों रहने दो? दादा देखते हैं. दिन भर खिड़की में बैठते हैं, चित्रकार आदमी, मैंने उनका आसमान ले लिया, अब क्या सिमेंट दिखाऊँ? ये गुलाबी मैं खुद पसंद करके लाया, तीन दुकान घूम के."

चहा आला, मी प्याली. शालिग्रामनं विचारलं, "कुछ काम था?" मी म्हटलं, "नहीं, यही बोलने आई थी. बहुत बढ़िया है." आणि घरी आली.

अच्युतरावांले सगळं सांगितलं. ते खिडकीशी गेले, भिंत वरून खालपर्यंत पाहिली. मंग म्हणाले, "भिंत राहू दे. मीच हलतो."

हलतो म्हणजे कुठं? माझ्या बैठकीत! शर्मिष्ठाले सोफ्यावरून बोलली होती ना मी, तर सोफाच उचलावा लागला. तो मागच्या खोलीत गेला, आणि पुढच्या खोलीत इझल, डबे, चिंध्या. रस्त्याकडच्या खिडकीत सकाळी ऊन येते, तिथं यांनी आपलं जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं. पाहुणे आता गुलाबी उजेडात बसतात आणि मले म्हणतात, वहिनी, तब्येत सुधारली तुमची. मी कारण सांगत नाही.

सुतळी शेवटी मी कात्रीनं कापली, गाठी काही सुटेनात. अच्युतरावांनी पहिलंच चित्र काढायले घेतलं ते त्या भिंतीचं. मागच्या खोलीच्या खिडकीत उभं राहून पत्रिकेवर रेघा मारल्या, शब्द लिहिले, आणि पुढच्या खोलीत येऊन रंगवत बसले. आठ दिवस लागले. आता भिंतीवर खापर फोडायची सोय नव्हती. हे चित्रही चुकलं तर डोळे खरंच गेले, आणि मंग ते ब्रश कोणत्याही कात्रीनं सुटले नसते.

नवव्या दिवशी सकाळी जागेले दाखवायचं ठरलं. रिक्षा नको होती, मागचं दार उघडलं की जागा. शालिग्राम दुकानात जायले स्कूटर काढत होता, तो थांबला. अच्युतरावांनी चित्र स्टुलावर, भिंतीले टेकवून उभं केलं. गल्लीत दहा पावलांची जागाच नाही, चार पावलांत पाठ आमच्या भिंतीले लागली. मी पाहिलं, तर यांनी डोळेच मिटून घेतले होते.

अडतीस वर्षांत मी यांच्यासोबत किती जागा हिंडली. यांनी कधी कोणा माणसाले विचारलं नाही, मलेही नाही. त्या दिवशी डोळे मिटूनच म्हणाले, "शालिग्राम, देख तो. बराबर है?"

शालिग्रामनं स्कूटर स्टँडवर लावली. जवळ आला, चित्र पाहिलं, भिंत पाहिली, परत चित्र पाहिलं. मंग चित्राच्या कडेवरून बोट फिरवत भिंतीवर नेलं आणि परत आणलं. "दादा," तो म्हणाला, "ये किनारी नहीं रहती तो मेरे को पता नहीं चलता, दीवार कहाँ खतम हुई. हव, बराबर है. एकदम बराबर."

अच्युतरावांनी डोळे उघडले.

शालिग्राम अजून पाहतच होता. हळूच म्हणाला, "पर दादा, इतना भड़क है क्या मेरा गुलाबी? सफेद करवा दूँ?"

"हात लावायचा नाही त्या भिंतीले!" अच्युतराव मराठीत ओरडले. शालिग्रामले मराठी येत नाही, पण समजलं.

मंग खिशातून बारीक ब्रश निघाला. स्टुलावर चित्र हलत होतं, म्हणून ते स्कूटरच्या सीटवर टेकवलं, एका बाजूनं मी धरलं, एका बाजूनं शालिग्रामनं. तिथंच गल्लीत सही झाली, आणि चित्र शालिग्रामच्याच घरी गेलं. दुपारी जेवायले बसलो तर वरणाले टर्पेंटाइनचा वास येऊन राहिला होता. मी दोनदा वाढून घेतलं.