खराट्याच्या काड्यांची वही

"सदरा काढ बे! काढतो का फाडू?"

कचेरीचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, ओरडत होते. तालुक्याच्या कचेरीची ओसरी, भर दुपार, सुनावणीचा दिवस. बाबूंचा आवाज असा, की तिकडं धाड गावच्या बाजारात बैलांनी दावं तोडलं असेल. निंबाखाली पाचशे माणूस बसलेलं. पाचशे म्हणजे साठ असतील. मला वाढवून सांगायची खोड आहे. आमच्या वस्तीत माझ्या मुंगीचा हत्ती झालेला सगळ्यांनी पाहिला आहे. पण सदऱ्याचं वाढवत नाही. ते झालं तेवढंच लिहितो.

मी सदरा काढला.

आत बनियन नव्हतं. होतं ते एकच, घरी दोरीवर वाळत होतं. साठ माणसांनी माझ्या बरगड्या मोजल्या.

"चाचा, झडती घ्या याची," बाबू म्हणाले.

रहमानचाचा कचेरीचे म्हातारे चपराशी. त्यांनी माझी कंबर चाचपली. कानाशी हळूच म्हणाले, "माफ कर बेटा. नोकरी हाय."

काय गेलं होतं? एक फाईल. धाडकडच्या गोदाबाईची. विधवा बाई, चार एकर रान, त्यातला दीड एकर शेजारच्या पाटलानं बांध सरकवत सरकवत गिळला होता. आज तिची सुनावणी. सकाळच्या एसटीनं येऊन ती निंबाखाली बसली होती. तहसीलदार साहेबांनी फाईल मागितली, बाबूंनी सांगितलं, फाईल दफ्तराच्या खोलीत नाही. खोलीची चावी कोणाकडं? दफ्तऱ्याकडं. दफ्तरी कोण? मी. झालं. चोर सापडला.

"किती घेतले बे पाटलापासून?" बाबू विचारत होते. "धर्म बदलला तुमी, पण हात तेच हायेत!"

निंबाखाली कोणीतरी हसलं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कचेरीवरची पाटी नवी रंगवली होती. पाटीखालची माणसं जुनीच. मी सातवी पास. आमच्या घरात पहिला. वस्तीनं मला नोकरी लागली त्या दिवशी गुळाचा चहा केला होता, एका गंजात, साऱ्या वस्तीला पुरला. 'चोर' म्हणून काढलं असतं, तर पुन्हा त्या वस्तीत कोणाच्या पोराला सरकारी दरवाजा दिसला नसता. माझी भाकर गेली असती ते वेगळंच.

आता खोलीचं सांगतो. दीडशे गावांचे बस्ते, लाल कपड्यात बांधलेले, छतापर्यंत. धूळ एवढी, की पावसाळ्यात पेरलं असतं तर ज्वारी झाली असती. नियम साधा होता. फाईल बाहेर गेली की वहीत लिहायची: कोणती, कोणी नेली, कधी. फाईलच्या जागी चिठ्ठी ठेवायची. दोन फायली एकमेकींत जोडल्या तर तेही लिहायचं, कारण जोडलेली फाईल दुसरीच्या पोटात जाते आणि मग बापालाही सापडत नाही.

पण वही बाबूंच्या टेबलात. कुलुपात.

पहिल्याच दिवशी मी वही मागितली होती. बाबू म्हणाले, "तुह्या हातचं अक्षर सरकारच्या वहीत? तू उचल अन् ठेव. लिवणारे आमी हावो."

ते स्वतः कधी लिहीत नव्हते. आळस हा त्यांचा कुलस्वामी. मी बस्ता नेला की खिडकीत ठेवायचा, हातात द्यायचा नाही. मग चाचांनी तो फडक्यानं पुसायचा, मग बाबूंनी उचलायचा. धूळ पुसायची म्हणे. धूळ तर मीच आधी झटकलेली असायची.

वही नाही, चिठ्ठी नाही, आणि फाईल हरवली की गळा माझा. म्हणून मी माझी तऱ्हा काढली. खराट्याच्या काड्या. फाईल गेली की तिच्या जागी एक काडी खोचायची. काडीला दोरा. बाबूंनी नेली तर लाल, बस्त्याच्या कपड्याचाच निघालेला. साहेबांनी नेली तर पांढरा. सोमवारी गेली तर एक गाठ, मंगळवारी दोन, असं शनिवारपर्यंत. दोन फायली सोबत गेल्या तर दोन काड्या एकत्र बांधून एकीच्या जागी. दोन वर्षं हे चाललं. कोणाला पत्ता नव्हता. कचेरीचा खराटा दर महिन्याला बारीक होतो म्हणून बाबूंनी झाडणाऱ्या बाईला शिव्या दिल्या होत्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

झडतीत माझ्या खिशातून निघालं काय? अर्धी बिडी, एक कांदा, आणि सात-आठ काड्या, लाल दोरा गुंडाळलेल्या.

बाबू दोन पावलं मागं सरले.

"करणी!" ते किंचाळले. "पाहा लोकहो! करणी करून राह्यला कचेरीवर! म्हणूनच माही कंबर धरते!"

निंबाखाली माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं नातवाला पाठीमागं घेतलं. आता मी चोरही होतो आणि चेटक्याही. उघडा. हातात कांदा.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. साहेब देशावरचे, स्वच्छ बोलायचे. "काय गोंधळ आहे?"

तेव्हा मला काय झालं, सांगता येत नाही. भीती होती. पण एवढी मेहनत, दोन वर्षांची, आणि त्याला हा माणूस करणी म्हणतो? चोर म्हटलं ते गिळलं असतं कदाचित. आमच्या बापजाद्यांनी गिळलंच होतं. पण काड्यांचा अपमान मला सहन झाला नाही.

"साहेब," मी म्हटलं, "खोलीत चला. दाखवतो."

साहेब आले. मागं बाबू, नाकाला रुमाल लावून. धाडच्या बस्त्यात गोदाबाईच्या फाईलच्या जागी दोन काड्या होत्या, एकत्र बांधलेल्या. लाल दोरा. तीन गाठी.

"बुधवारी गेली," मी म्हटलं. "बडेबाबूंनी नेली. अन् एकटी नाही गेली. पाटलाची फाईल संग गेली. त्याच शेताची हाय. एकीत एक जोडायसाठी बाबूंनी मागितली होती."

"खोटं बोलते साहेब हा! काडीवर भरोसा ठेवता काय?"

"बाबूंचं कपाट उघडा," मी म्हटलं. "पाटलाची फाईल काढा. पोटात पाहा."

कपाटाची किल्ली सापडायला बाबूंना फार वेळ लागला. तेवढ्यात गोदाबाई पायी धाडला जाऊन आली असती. कपाट उघडलं. पाटलाची जाड फाईल निघाली. साहेबांनी दोरी सोडली. आत, मधोमध, गोदाबाईची फाईल. सुतळीनं शिवलेली. बाहेर कुठं नोंद नाही, नाव नाही.

"विसरलो असन," बाबू म्हणाले.

विसरले का विसरवले गेले, देव जाणे. आणि देव तर आम्ही केव्हाच सोडला होता.

साहेब हसले. खरंच हसले, मोठा विनोद झाल्यासारखे. "चला, मिळाली ना. प्रश्न मिटला. घाल रे सदरा, पुढची फाईल आण."

सदरा चाचांच्या हातात होता. त्यांनी पुढं केला. मी घेतला नाही.

"वहीत लिवा साहेब," मी म्हटलं.

"काय?"

"फाईल कोठी सापडली ते. बडेबाबूंच्या कपाटात. लिवा, मंग घालतो."

"वेडा झाला काय बे!" बाबू ओरडले. "चाचा, पुढची फाईल तुमी आणा. पिंपळाखालच्या विहिरीची. याले बसू द्या उघडं."

चाचा खोलीत गेले. पंधरा मिनिटांनी आले ते एका मेलेल्या इंग्रज साहेबाच्या तंबूभाड्याचा कागद घेऊन. पुन्हा गेले. पुन्हा काहीतरी भलतंच. मग बाबू स्वतः गेले. एक बस्ता अंगावर पडला, शिंकत बाहेर आले. बाहेर लोक वैतागले. सुनावणी थांबली. साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

माझ्याशिवाय त्या खोलीतून एक कागद निघत नव्हता. हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगू, मलाही नव्हतं. मी उघडा उभा होतो आणि पहिल्यांदा मला लाज वाटत नव्हती.

"लिहा," साहेब शेवटी बाबूंना म्हणाले. माझ्याकडं न बघता.

बाबूंनी वही काढली. दोन वर्षांची कोरी पानं फडफडली. त्यांनी लिहिलं. मी जवळ जाऊन वाचलं. 'कपाट' लिहिलं होतं, 'कोणाचं' ते नव्हतं. तेही लिहायला लावलं. मग सदरा घातला. गुंड्या सावकाश लावल्या आणि वही उचलून खोलीत नेली.

माफी कोणी मागितली नाही. गोदाबाईची सुनावणी पुढच्या महिन्यावर गेली, कारण वेळ संपला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि एसटीकडं चालू लागली. निंबाखाली हसलेला माणूसही गेला. मी घरी गेलो. भाकर खाल्ली नाही. साठ माणसांचे डोळे अजून अंगावर आहेत, ते कोणत्या वहीत लिहायचे?

पण वही मात्र मी परत दिली नाही. साहेबांनीही मागितली नाही, पुन्हा सुनावणी अडायला नको म्हणून असेल. मी ठरवून टाकलं. या खोलीतून माझ्या अक्षराशिवाय आता मुंगीही जाणार नाही. बाबू असो, साहेब असो, कलेक्टर येवो. सही, मग फाईल.

आठ दिवसांनी बाबू स्वतः आले. खिडकी सोडून दारातून, पहिल्यांदा. एक फाईल उचलली, काखेत मारली, निघाले.

"बाबू, सही."

ते वळले. कचेरी ऐकत होती. चाचांनी हातातलं फडकं थांबवलं.

"संध्याकाळी आणून देतो. आता काय सही करू? माह्यावर भरोसा नाही काय बे तुहा?"

"नाही," मी म्हटलं.