आईला दिसलेला गॅस

आईला वास येत नसे. लहानपणी, खर्डा गावी असताना, तिला कसलासा ताप आला आणि जाताना नाकातली जाणीव घेऊन गेला. दूध नासलंय का, डाळ लागलीय का, हे ती आम्हाला विचारायची आणि आम्ही मुद्दाम खोटं सांगायचो. पुढे नव्वदीच्या दशकात भिंगारच्या आमच्या क्वार्टरमध्ये गॅस आला आणि मस्करीची कुस्करी झाली.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फर्मान काढलं, "गॅस चालू असंल तवर पोरीनं घरातच थांबायचं. वास घ्यायला कुनीतरी पायजे."

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. प्रॅक्टिकल सकाळी आणि स्वयंपाकही सकाळीच. मी ओट्यापाशी हुंगत उभी, तिकडे माझी हजेरी बुडत चाललेली. आणखी बुडवलंस तर परीक्षेला बसता येणार नाही, असं सरांनी बजावलं होतं. त्या सिलिंडरला लाथ घालावीशी वाटे. आईवर मात्र रागावता येत नव्हतं. तिनं जन्मभर चूल फुंकली होती, आता कुठे तिचे डोळे निवले होते.

एका रविवारी सकाळी खरंच वास आला. दादांनी रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या. वास गेल्यावर त्यांनी साबणाचा फेस केला, रेग्युलेटर पुन्हा चालू केला आणि सिलिंडरच्या तोंडाशी आणि नळीला फेस लावला. गळतीचा बुडबुडा कुठेच येईना. वास मात्र परत यायला लागला. मी आणि दादा ओणवे होऊन हुंगत होतो, पण तो सगळीकडूनच यायचा.

"उद्या परत करू ही ब्याद," दादा वैतागले. "न्हाईतर पोरीचं कॉलेज बंद."

आईचा चेहरा उतरला. या हुंगाहुंगीत तिला काहीच काम नव्हतं, ती बाजूला नुसती उभी होती. मागच्या दारातून आलेलं कोवळं ऊन शेगडीवरून चुना लावलेल्या भिंतीवर पडलं होतं.

"अहो, शेगडी पेटवली का?" तिनं विचारलं.

"येडी हाय का? आत्ता कोन पेटवील?"

"मग भिंतीवर काय हालतंय ते? तापल्या तव्यावर हवा थरथरती तसं. पर हे वर न्हाई जात, खाली सांडतंय."

आम्ही पाहिलं. शेगडीच्या सावलीला लागून, बटणाखालून, एक फिकट सावली थरथरत ओघळत होती. दादांनी रेग्युलेटर बंद केला, ती विरली. चालू केला, पुन्हा ओघळायला लागली. बटणाखाली फेस लावला मात्र, टम्म बुडबुडा फुगला.

हवेतून आणि गॅसमधून ऊन सारख्याच प्रमाणात वळत नाही, म्हणून गॅसचीही सावली पडते, हे मला त्याच वर्षी पुढे कॉलेजात कळलं. आईला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मिस्त्रीनं बटण बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर ऊन आल्यावर आईनं रेग्युलेटर चालू केला आणि काडी न ओढता भिंतीकडे बघत राहिली. दादा तिच्यामागे उभे होते. मी दप्तर घेऊन उंबऱ्यात घुटमळत होते.

"जा की आता," भिंतीवरची नजर न काढता आई म्हणाली. "मला दिसतंय."

दादांनी माझी सायकल दाराबाहेर काढून दिली.