बदकाच्या बदल्यात बदक

आमच्या बागवसाहतीत ब्लाझेना कुबिच्कोवाला कुणी शहाणी म्हणत नसे. नदीकाठी एकाला एक चिकटलेले जमिनीचे तुकडे, प्रत्येकात एक लाकडी खोपटं, कमरेएवढी कुंपणं. तिथे शहाणपणाचं माप एकच, टोमॅटो कुणाचे आधी लाल झाले. ब्लाझेनाचे कधीच झाले नाहीत, कारण ती काही फवारत नसे. तिचा नवरा ओटाकार सहकारी शेतीवर फवारणी करायचा. खोकून खोकून गेला. डॉक्टर म्हणाले सिगारेट, ती म्हणाली फवारा. तेव्हापासून तिच्या कुंपणाच्या आत विषाची पुडी आली नाही.

मग बिनशंखाच्या गोगलगाई आल्या. बोटभर लांब, विटकरी, बुळबुळीत. सॅलडचा वाफा एका रात्रीत फस्त. आमची जुनी रीत अशी की तिन्हीसांजेला आपल्या गोगलगाई गोळा करायच्या आणि हळूच शेजाऱ्याकडे फेकायच्या. शेजारीही तेच करतो. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. ब्लाझेना एकटी हे करत नसे. आपली घाण दुसऱ्याच्या ताटात कशाला, म्हणायची.

तिने दह्याचे रिकामे डबे जमिनीत पुरून त्यात बिअर ओतली, गोगलगाई आत पडून बुडाव्यात म्हणून. वासाने शेजारच्यांच्याही गोगलगाई तिच्याकडे आल्या, आणि पुरुषांना दुःख झालं ते बिअरचं. रात्री ओल्या फळ्या टाकून ठेवायची, सकाळी उलटून खाली चिकटलेल्या कात्रीने कापायची. पाणी संध्याकाळचं बंद करून सकाळी घालायला लागली. शेवटी तिने दोन बदकं आणली. उडत नाहीत, नुसती धावतात. बाटलीला पाय फुटल्यासारखी. गोगलगाय दिसली की गट्ट.

वसाहतीचे अध्यक्ष हानाक लगेच कुंपणाशी हजर. "बाई, ही बाग आहे. कोंबड्यांचं खुराडं नाही."

"बदकं आहेत ती, अध्यक्ष. कोंबड्या तुमच्या सभेला येतात."

जूनमध्ये वसाहतीत सॅलड उरलं ते फक्त तिचं. मग काय, नियम राहिले बाजूला आणि जो तो बदकं उसनी मागायला लागला. तिने कुणाला नाही म्हटलं नाही. अटी दोनच, बदकांजवळ पाण्याचं घमेलं ठेवा आणि विष टाकू नका.

ऑगस्टमध्ये हानाक आले. नातीचं लग्न होतं, प्रत्येक टेबलावर त्यांच्या बागेतले डेलिया लावायचे होते, आणि गोगलगाई कळ्याच कुरतडत होत्या. ब्लाझेनाने माझ्यासमोर त्यांना विचारलं, "गोगलगाई मारायच्या त्या निळ्या गोळ्या टाकल्या नाहीत ना?"

"छे हो. ओटाकारची शपथ."

गोळ्या त्यांनी त्याच सकाळी टाकल्या होत्या. दोन्ही उपाय केले की खात्री, असा हिशेब. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते काही उगाच नाही. संध्याकाळी बदकं डेलियाखाली आडवी पडलेली, पाय झाडत. मी पान उचलून निळा दाणा दाखवला. रसायनशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे, पण त्याला पदवी लागत नव्हती. ब्लाझेना त्यांचे पाय थांबेपर्यंत तिथेच बसली. दोघांना ॲप्रनमध्ये घेऊन गेली आणि प्लमच्या झाडाखाली पुरलं.

लग्न थाटात झालं. फुलांचं फार कौतुक झालं म्हणे.

नंतरच्या रविवारी हानाक तिच्या दाराशी आले, हातात दुकानातलं गोठवलेलं, साफ केलेलं बदक. माणूस मनापासून आला होता, हेच तर वाईट. आमच्याकडे बदक म्हटलं की ओव्हन आठवतो, दुसरं काही नाही.

"चांगलं जाडजूड आहे," ते म्हणाले. "कोबी आणि पावाच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर झकास लागेल. झालं गेलं विसरा आता."

ब्लाझेनाने ते हातात घेतलं, वळवून पाहिलं. "दोन होती," ती म्हणाली.

"बरोबर आहे तुमचं. दुसरं शुक्रवारी आणतो."

आणि शुक्रवारी खरंच आणलं.

त्या संध्याकाळी तिने कात्री काढलीच नाही. फळ्या उलटून बादलीभर गोगलगाई गोळा केल्या, हानाकच्या कुंपणाशी गेली आणि बादली पलीकडे उपडी केली. मी माझ्या खोपटाच्या पायरीवरून बघत होते. पलीकडे काही नव्हतं. डेलिया लग्नासाठी मुळापर्यंत कापलेले, नुसती काळी माती. खायला नाही म्हटल्यावर गोगलगाई काय करणार? सकाळी बघते तर तिच्या सॅलडवर परत.

"आता मी पण तुमच्यातलीच झाले," ती मला म्हणाली, आणि बादली धुवायला नळाकडे गेली.