साहेब आले आणि नकाशा सरकला

चांदूर रेल्वेच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्याहून कडकपणे एक गोष्ट शिकवली: साहेब वर्गात आले की उठून उभं राहायचं. तीच खोड मला अकोल्याच्या दवाखान्यात नडली.

माझं हृदय वर्षभर मनमानी करत होतं. कधी भलतंच जोरात धावायचं, कधी ठोकाच गाळायचं. थोरल्या भावाचंही असंच होतं. त्यातून त्याला लकवा झाला आणि वाचा गेली. शेवटची चार वर्षं तो पाटीवर लिहून पाणी मागायचा. मला मरणाची तेवढी भीती नव्हती, गप्प बसण्याची होती. मी गप्प झालो असतो तर घरच्यांना काही वाटलं नसतं, असं बायको अजून म्हणते.

मांडीतून एक बारीक तार हृदयात नेली. तिचं टोक आत जिथे टेकेल तिथली वीज मोजून पडद्यावर हृदयाचा रंगीत नकाशा तयार होत होता. संगणकावर भातकुलीची एक मुलगी बसली होती. अजिबात हलायचं नाही, असं तिने बजावलं होतं. थोडी गुंगी होती, पण मी जागा होतो. तासाभराने नकाशा पुरा होत आला, दार उघडलं, मोठे साहेब आले असं कुणीतरी म्हणालं, आणि मी उठायला गेलो.

दोघांनी खांदे धरून मला खाली दाबलं. मुलगी पडद्याकडे बघत राहिली.

"सर, कावून उठले तुमी? सारा नकाशा सरकला."

आयुष्यभर पोरांना नकाशे खोडायला लावले, आता माझी पाळी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मात्र कुरकुर न करता पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला एकेक ठिकाण जास्त बारकाईने घेतलं, आणि एका रक्तवाहिनीच्या तोंडाशी इवलीशी जागा सापडली. पहिल्या नकाशात ती दिसलीच नव्हती. भलत्या वेळचे ठोके तिथूनच निघत होते. त्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, तिच्याभोवती डाग दिले. थोड्या वेळाने यंत्राची टिकटिक सरळ झाली आणि सरळच राहिली. मी खुशाल रडलो, पण हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी व्हायच्या आधी ती मुलगी कागद घेऊन वॉर्डात आली. मी खाटेवरून उतरून ताठ उभा राहिलो.

"आता कावून उठले, सर?"

"साहेब आल्या ना," मी म्हणालो, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात.